स्व आणि मग्न : उशिरा सापडलेल्या एका शब्दाची मीमांसा

१

आयुष्याचा निम्म्याहून अधिक भाग जगून झाल्यावर एखाद्या व्यक्तीला स्वतःसाठी एक नाव सापडते आणि त्या नावाच्या उजेडात मागचे सारे आयुष्य तिला वेगळे दिसू लागते. अशा वेळी तिला नेमके काय कळलेले असते? स्वतःविषयीची एक वस्तुस्थिती, की स्वतःविषयीची एक नवी कथा? प्रथमदर्शनी हा प्रश्न वैद्यकाचा वाटतो. वस्तुतः तो ज्ञानमीमांसेचा आणि नीतिमीमांसेचा प्रश्न आहे. आणि त्याच्या केंद्रस्थानी एक शब्द असल्यामुळे साहित्यविचारालाही तो टाळता येण्याजोगा नाही. तो शब्द म्हणजे ऑटिझम या संज्ञेसाठी मराठीत रूढ झालेला 'स्वमग्नता'.

विवेचनासाठी एक उदाहरण कल्पावे. लोणावळ्यात राहणारी आणि पुण्यातील एका कचेरीत हिशेबाचे काम करणारी पंचेचाळिशीची एक स्त्री. सकाळची ठरलेली लोकल, ठरलेला डबा, शक्यतो ठरलेली खिडकी. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे लोटणारी गर्दी आणि गाड्यांचे भोंगे यांचा तिला नुसता कंटाळा येत नाही. ते आवाज तिला दुखतात. लग्नकार्यात पाहुण्यांशी बोलायची वाक्ये ती आदल्या रात्री मनाशी घोकून ठेवते आणि घरी परतल्यावर अंधाऱ्या खोलीत तासभर पडून राहते. मात्र बोरघाटाच्या जुन्या लोहमार्गाचा विषय निघाला तर ती न थांबता बोलू शकते. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या त्या मार्गावर खंडाळ्याजवळ गाडी डोंगराच्या कडेला येऊन थांबे, इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी उलट्या दिशेने चढ चढू लागे. १९२९ पर्यंत ही व्यवस्था चालू होती. हे सारे ती उताराच्या प्रमाणासह सांगते. नातेवाईक तिला शिष्ट म्हणतात, घुमी म्हणतात, फटकळ म्हणतात. पाठीमागे माणूसघाणी म्हणतात. धाकट्या बहिणीच्या मुलाची तपासणी चालू असताना ती बहिणीला प्रश्नावली भरायला मदत करते. एकेका विधानापाशी ती म्हणते, "पण हे तर सगळेच करतात." काही वेळाने बहीण म्हणते, "सगळे नाही करत, ताई. तू करतेस."

येथून पुढे जे घडते त्याला 'निदान' म्हणणे अपुरे आहे. निदान दुसऱ्याने करावयाचे असते. येथे घडली ती ओळख. या ओळखीचे स्वरूप काय, तिची प्रमाणता कशात आहे, आणि तिने इतरांवर कोणते उत्तरदायित्व येते, हे तीन प्रश्न क्रमाने तपासले पाहिजेत. त्याआधी एक गोष्ट नोंदवावी. शिष्ट, घुमी, फटकळ, माणूसघाणी हे शब्द वर्णनाचे दिसत असले तरी ते निवाडे आहेत. या प्रत्येक शब्दामागे एक गृहीत आहे : तिला निराळे वागता आले असते, तिने ते केले नाही. चाळीस वर्षे एखादी व्यक्ती अशा शब्दांखाली राहते तेव्हा ते गृहीत तिचेही होऊन जाते.

२

'ऑटिझम' ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास वापरात आणली, आणि तीही छिन्नमनस्कतेच्या संदर्भात : बाह्य वास्तवाकडे पाठ फिरवून आतल्या जगात शिरणे, असा तिचा अर्थ होता. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये बाल्टिमोर येथून ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि हान्स आस्परगर यांचा व्हिएन्नातील प्रबंध १९४४ मध्ये आला. दोघांनीही तीच संज्ञा उचलली. तिच्या मुळाशी 'स्वतः' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. मराठीने त्या मुळाचा अनुवाद केला आणि त्याला 'मग्न' हे पद जोडले.

येथे परिभाषेचा एक महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. इंग्रजी भाषकाला मूळ संज्ञा अपारदर्शक असते; तिच्यातला ग्रीक अंश त्याला जाणवत नाही. संस्कृतोद्भव घडणीचा मराठी शब्द मात्र पारदर्शक असतो. 'स्वमग्न' हा शब्द प्रथमच वाचणाऱ्यालाही त्याचा विग्रह आपोआप कळतो, आणि कळलेला विग्रह हाच वस्तूचा स्वभाव आहे असे वाटू लागते. 'मग्न' हे बुडणे या अर्थाच्या 'मस्ज्' धातूचे रूप. ध्यानमग्न, कार्यमग्न, विचारमग्न या शब्दांत पहिले पद माणूस कशात बुडाला आहे ते सांगते, आणि या तिन्ही शब्दांत थोडा गौरवही आहे. 'स्व' हे पद येताच तो गौरव उलटतो. मराठी समीक्षेत 'आत्ममग्न' हे विशेषण सामाजिक बांधिलकीच्या चर्चांमध्ये बहुधा दोषदर्शक म्हणूनच वावरले आहे, आणि त्याची सावली 'स्वमग्न' या शब्दावर पडल्याशिवाय राहत नाही.

परंतु उदाहरणातील स्त्री 'स्व'मध्ये कोठे बुडालेली आहे? ती बुडते ती घाटातल्या लोहमार्गात, म्हणजे स्वतःच्या बाहेरच्या एका वस्तूत. आणि माणसांत असते तेव्हा तर तिला स्वतःकडे पाहायला क्षणाचीही उसंत नसते. समोरच्याच्या चेहऱ्यावरून, आवाजाच्या चढउतारावरून, पुढच्या वाक्याची वेळ कोणती हे ती सतत मोजत असते. इतरांना जे सहज साधते ते ती हिशेबाने साधते. डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी २००५ मध्ये मांडलेल्या मोनोट्रॉपिझमच्या सिद्धान्तानुसार या अवस्थेचे मर्म लक्ष देण्याच्या रीतीत आहे : लक्षाचा ओघ अनेक पाटांत विभागला न जाता एकाच पाटाने जोरात वाहतो. हे मान्य केले तर मराठी शब्दाविषयी असे म्हणावे लागते की त्याचे उत्तरपद अचूक आहे आणि पूर्वपद चुकले आहे. ती मग्न आहे, स्वमग्न नाही.

हा शब्दच्छल नव्हे. 'स्वमग्न' हा दारात उभे राहून आत पाहणाऱ्याचा शब्द आहे. हाक मारली तरी वळून न पाहणारे मूल पाहणाऱ्याला जसे दिसते, त्याचे ते वर्णन आहे. ज्याचे वर्णन केले त्याला आतून काय वाटते याची दखल त्यात नाही. त्यामुळे ज्या प्रौढाने इतरांसारखे दिसण्यात उभे आयुष्य खर्च केले, त्याला हा शब्द अनेकदा ऐकूनही आपला वाटत नाही. मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये ज्ञानविषयक अन्यायाची मीमांसा करताना अर्थनिर्णयाच्या साधनांचा अभाव हाही एक अन्याय असल्याचे दाखवले : स्वतःचा अनुभव समजून घेण्यासाठी लागणारा शब्द समाजाच्या भांडारातच नसणे. येथील स्थिती त्याहून किंचित निराळी आहे. शब्द भांडारात आहे; पण तो असा घडवला गेला आहे की ज्याचा तो आहे त्यालाच तो उचलता येऊ नये.

३

तरीही ओळख घडते. मग पहिला प्रश्न असा की ती शोध आहे की रचना? आक्षेप घेणारा म्हणेल की हे चक्राकार आहे. नाव मिळाले म्हणून भूतकाळातून त्या नावाला जुळणारे प्रसंग वेचले गेले, आणि वेचलेल्या प्रसंगांवरून नाव सिद्ध झाले.

या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी इतिहासाच्या तत्त्वज्ञानाचा आधार घेता येतो. आर्थर डॅन्टो यांनी १९६५ मध्ये 'कथनवाक्य' ही संकल्पना मांडली : एखाद्या घटनेचे असे वर्णन की जे त्या घटनेच्या वेळी कोणालाही करता आले नसते. '१६३० मध्ये शिवनेरीवर स्वराज्याच्या संस्थापकाचा जन्म झाला' हे वाक्य १६३० विषयी खरे आहे, पण १६३० मध्ये ते कोणीही उच्चारू शकले नसते. म्हणून ते काल्पनिक ठरत नाही. त्याचप्रमाणे, 'शाळेच्या स्नेहसंमेलनातून कानांवर हात ठेवून पळून गेलेली ती दहा वर्षांची मुलगी ऑटिस्टिक होती' हे वाक्य १९९० च्या सुमारास बोलले जाण्याची शक्यताच नव्हती. बोलणाऱ्या, अभ्यासात बऱ्या असणाऱ्या मुलांनाही सामावून घेणारे वर्णन लॉर्ना विंग यांच्या १९८१ मधील लेखाने चर्चेत आले. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत आस्परगर हे नाव १९९४ मध्ये शिरले आणि २०१३ मध्ये ते वगळून सर्व प्रकार एकाच वर्णपटात आणले गेले. १९९० मधली मुलगी आणि आजचे वाक्य यांच्यामधले अंतर हे असत्याचे अंतर नव्हे. ते काळाचे अंतर आहे.

परंतु इयन हॅकिंग यांनी १९९५ मध्ये दिलेला इशारा येथे विसरता येत नाही. नवी वर्णने भूतकाळाला लागू करताना जे हेतू त्या काळी नव्हते ते त्यात भरले जाण्याचा धोका असतो. म्हणून एक भेद करणे आवश्यक आहे. 'तिने पाहुण्यांचा अपमान केला' या वर्णनात हेतू गृहीत आहे. 'पाहुण्यांच्या गलबल्यात तिला शब्द सुचले नाहीत आणि ती उठून आत गेली' या वर्णनात तो नाही. उशिरा सापडलेले नाव भूतकाळात नवा हेतू घालत नाही. पूर्वी इतरांनी, आणि कालांतराने तिने स्वतःही, चुकीने घातलेला हेतू ते काढून घेते. त्याचे मुख्य कार्य वजाबाकीचे आहे, आणि या मर्यादेत राहील तोवर ते नाव विश्वसनीय ठरते. मर्यादा ओलांडून ते प्रत्येक रुसव्याचे आणि प्रत्येक अपयशाचे कारण सांगू लागले, तर ते ज्ञान राहत नाही; एकाच किल्लीने सगळी कुलपे उघडण्याचा तो हव्यास होतो. ती स्त्री एखाद्या प्रसंगी खरोखरच उद्धटपणेही वागली असेल. ते तिला नव्या नावामागे लपवता येऊ नये, आणि जुन्या नावाखाली कबूल करण्याची सक्तीही होऊ नये.

अशा ओळखीने सुटका होते तसे दुःखही होते, ही गोष्ट त्यामुळेच समजण्याजोगी आहे. वजाबाकीनंतर जे उरते त्यात वाया गेलेल्या श्रमांचा हिशेब असतो. घाटातल्या त्या जुन्या स्थानकासारखे येथे गाडीचे तोंड उलटे होते. आता मागे जायचे, असे आतल्या उतारूला वाटते. मार्ग मात्र वरच चढत असतो.

४

दुसरा प्रश्न प्रमाणतेचा. ही ओळख खरी कशावरून, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

भारतात या प्रश्नाला कायद्याचे अंग आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात ऑटिझमचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने त्याची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांच्या यादीत त्याला स्थान दिले. आरक्षणासारख्या तरतुदींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित व्हावे लागते. त्यासाठी वापरली जाणारी भारतीय मूल्यमापन श्रेणी ४० बाबींची आहे. प्रत्येक बाबीला एक ते पाच गुण दिले जातात, आणि ते निरीक्षणावरून व पालकांच्या मुलाखतीवरून द्यावयाचे असतात. मुलांच्या बाबतीत ही रीत स्वाभाविक आहे. परंतु ज्या प्रौढाने निरीक्षकासमोर सामान्य दिसण्याची कला तीस वर्षे कमावली आहे, ज्याचे आईवडील हयात नाहीत किंवा 'आमची मुलगी शहाणी होती, मुळीच त्रास दिला नाही' एवढेच सांगू शकतात, त्याच्या बाबतीत असे साधन ज्याला मोजू पाहते तेच मुखवट्यामागे राहून जाते. मुलींच्या संदर्भात तर अबोलपणा हा विनय म्हणून आणि घोकून आलेले बोलणे हे वळण म्हणून कौतुकास पात्र ठरते. ज्या गोष्टीसाठी शाबासकी मिळाली ती लक्षण म्हणून कोणाच्या ध्यानी येणार?

याचा अर्थ बाहेरची तपासणी टाकाऊ आणि आतली साक्ष अचूक, असा नव्हे. माणूस स्वतःविषयीही चुकतो. या संदर्भात लोणावळ्यातलाच एक प्रयोग स्मरणीय आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये येथे कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांच्या वेळी देहात काय घडते ते क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी तपासण्याचा त्यांचा उपक्रम होता. ज्या अवस्था परंपरेने केवळ साधकाच्या शब्दावर मान्य केल्या होत्या त्यांना उपकरण लावले गेले. या उपक्रमाचे तात्त्विक महत्त्व असे की तेथे मोजणारा स्वतः साधकही होता. उपकरणाने देहातील दाब सांगितला. तो दाब कोणत्या क्रियेचा आणि ती क्रिया केव्हा नीट जमली, हे साधकच सांगू शकत होता. दोन्ही साक्षींपैकी एकही दुसरीच्या जागी बसवता येत नव्हती.

प्रौढाच्या ओळखीला हाच न्याय लावावा लागतो. त्याची साक्ष हा निष्कर्ष नव्हे; तो पुरावा आहे. मात्र तो असा पुरावा आहे की त्याच्यावाचून बाकीचे पुरावे कशाचे आहेत तेच ठरत नाही. अंधाऱ्या खोलीतला तो एक तास कोणत्याही निरीक्षकाने पाहिलेला नाही.

५

साहित्यसमीक्षेने या प्रश्नात दोन प्रकारे गफलत करण्याचा संभव आहे.

पहिली गफलत सार्वत्रिकीकरणाची. मराठी समीक्षेने १९६० नंतर अस्तित्ववादाच्या प्रभावाखाली परात्मता, तुटलेपण, उपरेपण या संकल्पना आत्मसात केल्या. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'तील पांडुरंग सांगवीकराचे उपरेपण हे एका पिढीचे, किंबहुना आधुनिक माणसाचे उपरेपण म्हणून वाचले गेले. वाङ्मयीन दृष्ट्या ते वाचन फलदायी ठरले. पण त्याने एक सवयही लावली : वेगळे वाटणे ही मानवी स्थितीच आहे, सर्वच जण आतून परके असतात, असे मानण्याची. व्यवहारात या सवयीचे भाषांतर 'सगळेच थोडे तसे असतात' या वाक्यात होते. हे वाक्य दिलासा म्हणून उच्चारले जाते आणि दार लावून घेण्याचे काम करते. एखाद्याचा परकेपणा तत्त्वचिंतनातून आलेला असू शकतो. दुसऱ्याचा परकेपणा नळीच्या दिव्याच्या गुणगुणण्यातून आणि लोकलच्या गर्दीतल्या अनोळखी स्पर्शातून आलेला असतो. पहिल्याला संवादाचा अर्थ हरवल्याची खंत आहे. दुसऱ्याला संवाद हवा आहे, पण त्याची चाल त्याला कोणी सांगितलेली नाही. दोघांना एकच नाव देणे म्हणजे दुसऱ्याला पुन्हा निनावी करणे होय.

दुसरी गफलत याच्या विरुद्ध टोकाची : पात्रांना आणि दिवंगत लेखकांना निदाने वाटण्याची. सांगवीकराला संहितेबाहेर बालपण नाही. त्याच्याविषयी जे लिहिले गेले नाही ते अस्तित्वातच नाही. त्यामुळे त्याचे निदान खरेही ठरत नाही आणि खोटेही. दिवंगत लेखकाला बालपण होते, पण तो आता 'हो, हे माझे आहे' किंवा 'नाही' असे म्हणू शकत नाही. वरील विवेचनात ओळखीला जी प्रमाणता मिळाली ती या होकारावाचून उभीच राहत नाही.

दुसऱ्याने लावलेले नाव निरुपद्रवी असते असेही नव्हे. हेर्विग चेख यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे पुढे आले की नाझी अमलाखालील व्हिएन्नात ज्या आस्परगरांनी काही मुलांच्या बुद्धिमत्तेची वाखाणणी केली, त्यांनीच इतर काही मुलांना अम श्पीगलग्रुंड या संस्थेकडे पाठवण्याची शिफारस केली. आणि त्या संस्थेत मुलांची हत्या होत होती. एकाच लेखणीने एकाला गुणी ठरवले आणि दुसऱ्याला निरुपयोगी. वर्गीकरणाला नैतिक अंग असते याचा याहून स्पष्ट पुरावा आवश्यक नाही.

६

तिसरा प्रश्न उत्तरदायित्वाचा. ओळखीनंतर त्या स्त्रीने काय करावे, याची चर्चा पुष्कळ होते. इतरांनी काय करावे, याची अल्प. डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये दुहेरी समानुभूतीचा प्रश्न मांडला : दोन भिन्न घडणींच्या माणसांत गैरसमज होतो तेव्हा तो दोन्ही बाजूंचा असतो, पण दोष एकाच बाजूच्या नावे लिहिला जातो. तिला पाहुणे कळले नाहीत हे चाळीस वर्षे बोलले गेले. पाहुण्यांनाही ती कळली नव्हती, हे एकदाही बोलले गेले नाही.

महाराष्ट्राच्या परंपरेत एकांताला प्रतिष्ठा नाही असे म्हणता येणार नाही. लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावणारी इंद्रायणी मावळ ओलांडून देहूला जाते, आणि देहूजवळच्या भंडारा डोंगरावर तुकोबा एकांतासाठी जाऊन बसत. एकांतात माणूस रिकामा होत नाही, भरतो, ही जाण मराठी मनाला तेथून मिळाली आहे. पण परंपरेने या एकांताची किंमत मोठी ठेवली : तो हवा असेल तर संत व्हावे लागते. शिवाय डोंगरावर भाकरी घेऊन चढणारी जी स्त्री लोकस्मृतीत आहे, तिच्यासाठी कोणता डोंगर होता याविषयी परंपरा मौन बाळगते. संसारी माणसाचा, विशेषतः स्त्रीचा, विनाकारण एकांत अजूनही माणूसघाणेपणाच्या सदरात जमा होतो.

याच मावळात याहून जुनी अशी एक व्यवस्था दगडात कोरलेली आहे. भाजे आणि कार्ले येथील लेण्यांतले विहार इसवी सनाच्या आगेमागे खोदले गेले. एरवी फिरतीवर असणाऱ्या भिक्षूंनी पावसाळ्यात एके ठिकाणी राहावे, या वर्षावासाच्या नियमाशी अशा वास्तूंचे नाते आहे. विहाराची रचना साधी असते : मध्ये सर्वांचा मंडप, आणि त्याच्या भिंतींत एकेकट्यासाठी खोल्या; आत दगडी ओटा. खोलीचे दार मंडपात उघडते. खोलीत जाणाऱ्याला कारण विचारावे लागत नाही, कारण खोली आधीपासून त्याची आहे. आणि तो संघाबाहेरही जात नाही, कारण मंडपही त्याचाच आहे. त्या रचनेचा हेतू निराळा होता आणि तिला आजच्या प्रश्नाचे उत्तर मानणे हा कालविपर्यास होईल. पण एकांत आणि सहवास यांपैकी एकाची निवड करण्याची सक्ती निसर्गनियमाने आलेली नाही, एवढे ती निश्चित दाखवते.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. उशिरा सापडलेल्या नावाने त्या स्त्रीला आपण कोण आहोत हे संपूर्णपणे कळत नाही. तसे कोणत्याच नावाने कोणाला कळत नसते. आपण कोण नव्हतो, एवढे तिला कळते. ती शिष्ट नव्हती, माणसांना विटलेली नव्हती. हे कळण्यासाठी तिला वापरावा लागलेला शब्दही अर्धाच खरा आहे. ज्यांनी तो बाहेरून घडवला त्यांनी आता त्याचा आतून लागणारा अर्थ ऐकून घ्यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. पुढच्या लग्नकार्यात ती तासाभराने उठून आतल्या खोलीत जाईल, तेव्हा तिच्या बहिणीला कोणी विचारले तर, "ताई आत आहे, येईल थोड्या वेळाने," एवढे सांगितले तरी पुरे. अधिक स्पष्टीकरण देण्याची वेळ येऊ नये.